आतलं चाक

१९३५ सालची गोष्ट. जर्मनीत ऑटो युनियन नावाच्या कंपनीची एक रेसिंग कार होती. फर्डिनांड पोर्शे यांनी डिझाइन केलेली. सोळा सिलिंडरचं इंजिन आणि तेही ड्रायव्हरच्या पाठीमागे, म्हणजे त्या काळच्या मानाने सगळं उलटंच. त्यामागे नाझी सरकारचा पैसा होता, प्रचाराचा हेतू होता, हे विसरून चालणार नाही. पण आजचा विषय राजकारण नाही. आजचा विषय आहे त्या गाडीला झालेला एक आजार आणि तो ज्या पद्धतीने ओळखला गेला ती पद्धत.

आजार असा, की गाडीत ताकद भरपूर होती, पण वळणातून बाहेर पडताना ती ताकद रस्त्यापर्यंत पोहोचायचीच नाही. ताशी १६० किलोमीटरच्या वेगापर्यंत मागचं एखादं चाक जागच्या जागी गरगरू शकायचं. ड्रायव्हर होता बेर्न्ड रोझमायर, मोटरसायकल शर्यतींतून आलेला तरुण पोरगा. अशा वेळी त्याला विचारून काय कळणार? तो म्हणणार "गाडी ओढत नाही". आपले युजर म्हणतात ना "सिस्टिम स्लो आहे", तसंच.

मग गाडीत एक यंत्र बसवलं. घड्याळासारखी चावी दिलेलं, एक कागदाची तबकडी आणि त्यावर रेघ ओढणारी सुई. रोझमायर फेऱ्या मारतोय आणि सुई इंजिनाच्या आरपीएमचा आलेख काढतेय. नंतर त्या कागदावरून पोर्शे यांनी निष्कर्ष काढला : वळणातून बाहेर येताना मागचं आतलं चाक बेफाम फिरतंय. त्यावर झेडएफ या कंपनीकडून खास डिफरन्शिअल बनवून घेतलं, चाकांमधल्या वेगाच्या फरकाला मर्यादा घालणारं. १९३५ च्या हंगामाच्या शेवटी ते गाडीत आलं. १९३६ मध्ये रोझमायर युरोपचा चँपियन झाला. (अर्थात तोवर इंजिनही सहा लिटरचं झालं होतं, त्यामुळे सगळं श्रेय एका डिफरन्शिअलला देऊ नये.)

मला यातलं यश तितकं भावत नाही, ती तबकडी भावते. आपण ज्याला लॉग फाइल म्हणतो ती ही. आधी नोंद, मग निदान, मग इलाज. हा क्रम नव्वद वर्षांपूर्वी एका रेसिंग कारमध्ये पाळला गेला आणि आजही अनेक गॅरेजांत (आणि ऑफिसांत!) पाळला जात नाही.

आता मुळात आतलं चाक फिरतं का, हे समजून घ्यायला जर्मनीला जायची गरज नाही. भोरला जाऊ. भोरहून महाडकडे निघालात की वरंधा घाट लागतो. एखाद्या हेअरपिन वळणाची त्रिज्या १५ मीटर धरा आणि गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर. म्हणजे आतलं चाक १४.३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालतं आणि बाहेरचं १५.७ मीटरच्या. एकाच वेळात बाहेरच्या चाकाला जवळजवळ १० टक्के जास्त अंतर कापायचं असतं.

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात, ज्याने त्याने आपापल्या गतीने जावं. ओढणारे बैल पुढे, चाकांनी फक्त वजन वाहायचं. रेल्वेत दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवलेली असतात, पण त्यांची कड किंचित शंकूसारखी असते. वळणात बाहेरचं चाक आपल्या मोठ्या व्यासावर आणि आतलं लहान व्यासावर चालतं. १८६३ मध्ये खंडाळ्याजवळून रेल्वे वर चढली ती अशाच चाकांवर. (इंग्रजी नोंदींत ज्याला 'भोर घाट' लिहिलेलं सापडतं तो हा आपला बोरघाट. भोर गाव तिथून बरंच दक्षिणेला आहे. या नावाने भल्याभल्यांचा गोंधळ होतो.)

भानगड सुरू झाली ती चाकांनीच ओढायचं ठरलं तेव्हा. दोन्ही चाकांना एकच इंजिन जोडायचं, पण वेग मात्र वेगवेगळा ठेवू द्यायचा. फ्रान्समधल्या ओनेझिफोर पेक्योर यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी यावर तोडगा काढला आणि पेटंट घेतलं. पुढे १८७७ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी तोच विचार पेडलच्या गाड्यांमध्ये आणला. सांगतात की ते आणि त्यांचा मुलगा शेजारी शेजारी बसून एकच गाडी चालवायचे, पोराचे पाय जास्त जोरात आणि त्यामुळे गाडी सारखी एका बाजूला ओढायची. बापलेकांच्या ताकदीतला फरक मिटवायला डिफरन्शिअल! गोष्ट खरी असो वा रचलेली, मला आवडते.

डिफरन्शिअलचे नियम दोनच, पण ते नीट डोक्यात बसले की पुढचं सगळं सोपं होतं.

पहिला नियम वेगाचा. इंजिनाकडून येणारा वेग हा दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी असतो. एक कमी झालं की दुसरं तेवढंच वाढतं. एक चाक पूर्ण थांबलं तर दुसरं दुप्पट वेगाने फिरतं.

दुसरा नियम जोराचा. साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. ऐकायला किती न्याय्य वाटतं, नाही? पण याचा अर्थ असा होतो, की ज्या चाकाची पकड कमी आहे ते जितका जोर पेलू शकेल तितकाच जोर दुसऱ्यालाही मिळणार. एक चाक हवेत असेल तर ते शून्य पेलणार आणि मग जमिनीवर घट्ट उभं असलेल्या चाकालाही शून्य. एक गरगरतंय, दुसरं ढिम्म.

वळणात गाडीचं वजन बाहेरच्या बाजूला कलतं. आतलं चाक हलकं होतं. अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबला की सगळ्यात हलकं चाक पहिल्यांदा सुटणार. गाडीची ओढ किती, हे तिचं सगळ्यात कमकुवत चाक ठरवतं. रोझमायरच्या गाडीत हेच चाललं होतं.

आता वेल्ह्याकडे वळू. वेल्हे तालुक्याला आता सरकारदरबारी राजगड तालुका म्हणतात. हे नाव नवं म्हणावं तर नवं नाही. भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन होण्यापूर्वी पंतसचिवांच्या या संस्थानात राजगड, प्रचंडगड (म्हणजे तोरणा), विचित्रगड (म्हणजे रोहिडा) अशी किल्ल्यांच्याच नावांची तालुके होती. किल्ल्यांना तालुका करणारं संस्थान! असो.

तर जुलै महिन्यात तोरण्याच्या किंवा राजगडाच्या वाटेवर आजूबाजूला बघा. सगळीकडे भाताची खाचरं आणि त्यात चिखलणी चाललेली. इंद्रायणी, आंबेमोहोर, जे काय असेल ते. काही ठिकाणी अजून बैल असतात, काही ठिकाणी पॉवर टिलर, काही ठिकाणी ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्या दादांच्या पायांकडे नीट लक्ष द्या. उजवीकडे ब्रेकचं एक पेडल नाही, दोन आहेत. एक डाव्या मागच्या चाकाचं, एक उजव्या मागच्या चाकाचं. शेतात टोकाला वळताना आतल्या चाकाचा ब्रेक दाबायचा की ट्रॅक्टर त्या चाकाभोवती गर्रकन फिरतो. आणि एक चाक चिखलात गरगरायला लागलं की फक्त त्याच चाकाचा ब्रेक दाबायचा.

याने काय होतं? दुसरा नियम आठवा. गरगरणारं चाक जितका जोर पेलेल तितकाच दुसऱ्याला. चिखल जोर पेलत नाही, पण ब्रेक पेलतो! ब्रेकने त्या चाकाला अडवलं की डिफरन्शिअलला वाटतं, अरे, इथे पकड आहे. मग तेवढाच जोर पलीकडच्या चाकाला जातो आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. याशिवाय टाचेजवळ एक डिफरन्शिअल लॉकचं पेडलही असतं. ते दाबलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. सरळ जाताना उत्तम. लॉक लावून वळायला जाल तर ट्रॅक्टर वळता वळत नाही, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं.

या दोन पेडलांची एक दुसरी, गंभीर बाजूही आहे. डांबरी रस्त्यावर येताना ती दोन्ही पेडलं खिटीने एकत्र जोडायची असतात. खिटी न लावता घाटाच्या उतारावर जोरात ब्रेक दाबला आणि पाय एकाच पेडलवर पडला तर एकच चाक अडतं आणि ट्रॅक्टर आडवा होतो. शेतात जी गोष्ट वाचवते तीच रस्त्यावर जिवावर उठते. तेव्हा ट्रॅक्टरमागे ट्रॉलीत बसून जायची वेळ आली तर खिटी लावलीय का ते एकदा बघून घ्या.

आता मजा बघा. १९९७ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये डॅरेन हीथ नावाच्या फोटोग्राफरच्या लक्षात आलं, की मॅकलारेनच्या गाड्यांचे मागचे ब्रेक भलत्याच ठिकाणी लालबुंद दिसताहेत, जिथे ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर दाबलेला असायला हवा तिथे. त्या वर्षी न्युर्बुर्गरिंगला दोन्ही मॅकलारेन बंद पडल्या आणि या पठ्ठ्याने उभ्या गाडीच्या पायाजवळच्या जागेत कॅमेरा घालून फोटो काढला. आत ब्रेकचं एक जादा पेडल! ते मागच्या एकाच चाकाला ब्रेक लावायचं. १९९८ च्या सुरुवातीला ब्राझीलच्या शर्यतीत फेरारीने तक्रार केली आणि त्या पेडलवर बंदी आली. मॅकलारेनचा मुख्य हेतू गाडी वळणात आतल्या बाजूला वळवणं हा होता. पण ट्रॅक्टरवाले दादाही शेताच्या टोकाला दुसरं काय करतात? जगातल्या सगळ्यात महागड्या गाड्यांमध्ये लपवून बसवलेली युक्ती खाचरात उघड्यावर चालली होती.

आणि आजच्या साध्या कारमध्येसुद्धा तीच आहे. एबीएसचे सेन्सर बघतात की ओढणाऱ्या चाकांपैकी एक जास्त फिरतंय, आणि कॉम्प्युटर फक्त त्या चाकाला ब्रेक लावतो. दादांच्या उजव्या पायाचं काम सॉफ्टवेअरने घेतलं, इतकंच.

इथे एक प्रश्न हमखास येतो. मागच्या चाकांवर चालणारी जीप चिखलात अडकली की लोक हँडब्रेक अर्धा ओढायला सांगतात, त्याचं काय? कागदावर मांडून बघा. हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांना सारखाच लागतो. गरगरणाऱ्या चाकाने ब्रेकमुळे जितका जोर पेलला तितकाच दुसऱ्याला मिळाला, पण दुसऱ्याच्या स्वतःच्या ब्रेकने तो तिथेच खाल्ला. हातात काय राहिलं? जवळजवळ शून्य. आणि जुन्या विलिस जीपमध्ये तर हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर असायचा. तो ओढला तर इंजिनच अडणार. म्हणूनच ट्रॅक्टरला पेडलं दोन लागतात.

पण डिफरन्शिअल साधं नसेल तर हे गणित बदलतं. ते कसं, हे सांगण्यासाठी आधी 'लिमिटेड स्लिप' म्हणजे एलएसडीचे प्रकार थोडक्यात सांगतो.

झेडएफने ऑटो युनियनसाठी केलं ते खाचा आणि सरकणाऱ्या खुंट्यांचं होतं. नंतर प्लेटवालं आलं. आत क्लचसारख्या चकत्या असतात, जोर वाढला की त्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोन्ही चाकं थोडीफार बांधली जातात. शिवाय स्प्रिंगने थोडा दाब कायमचा दिलेला असतो. १९५६ मध्ये अमेरिकेत पॅकार्डने असं डिफरन्शिअल सामान्य गिऱ्हाइकांच्या गाड्यांत दिलं. तिसरं गिअरवालं. व्हर्नन ग्लीसमन यांनी १९५८ मध्ये टॉर्सनचा पाया घातला. त्यात चकत्या नाहीत, आतल्या तिरक्या दातांच्या गिअरचं घर्षणच काम करतं. १९८० च्या दशकात ऑडीने आपल्या क्वात्रोच्या मधल्या डिफरन्शिअलसाठी टॉर्सन घेतलं. ऑडीच्या नाकावरची चार कडी ही जुन्या ऑटो युनियनचीच खूण, म्हणजे वर्तुळ पूर्ण झालं म्हणायचं!

गिअरवाल्याचा स्वभाव मात्र नीट ओळखून असावा. ते गुणाकार करतं. त्याचं गुणोत्तर २.५ असेल तर कमकुवत चाक जितका जोर पेलतं त्याच्या अडीचपट जोर ते दुसऱ्याला देऊ शकतं. समजा आतल्या चाकावर १०० किलो भार आहे, बाहेरच्यावर ३५० आणि सोयीसाठी पकड भाराइतकीच धरू. साधं डिफरन्शिअल १०० अधिक १०० म्हणजे २०० किलोची ओढ देईल. गिअरवालं १०० अधिक २५० म्हणजे ३५०. झकास. पण आतल्या चाकावर फक्त २० किलो उरले तर? २० अधिक ५० म्हणजे ७०. बाहेरच्या चाकावर तेव्हा ४३० किलो आहेत, तरी ओढ ७० ची. आणि आतलं चाक हवेत गेलं तर शून्य गुणिले अडीच. गणिताच्या सरांनी शून्याबद्दल जे सांगितलं ते इथेही लागू.

आता खरी केस. माझा एक मित्र हौसेने ट्रॅकवर गाडी पळवतो. पुढच्या चाकांवर चालणारी जुनी सेडान, आतून सगळी रिकामी केलेली, गिअरवालं एलएसडी बसवलेलं. वर्षातून दोन-तीनदा ट्रेलरवर घालून कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर नेतो. पगारातून वाचवून चाललेला उद्योग, घरच्यांची बोलणी वेगळी. एका वर्षी तक्रार सुरू झाली : वळणातून निघताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे जात नाही. एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी पुढचं एक चाक जॅकवर उचललं, न्यूट्रलमध्ये हाताने फिरवलं, ते सहज फिरलं. निकाल लागला : "साहेब, एलएसडी गेलं. नवीन मागवा." नवीन म्हणजे आयात करणार, दीड लाखाच्या घरात. हा माणूस पैसे भरायच्या तयारीत होता. त्या पैशांत त्याचा अख्खा पुढचा हंगाम जाणार होता.

मी मेकॅनिक नाही, पण डिबगिंगवर पोट भरतो. मुळात ती चाचणीच या प्रकाराला लागू होत नाही. प्लेटवाल्यात स्प्रिंगचा कायमचा दाब असतो, म्हणून एक चाक जमिनीवर आणि दुसरं हवेत ठेवून, टॉर्क रेंचने किती जोरावर चाक सुटतं ते मोजायचं आणि बनवणाऱ्याच्या आकड्याशी ताडायचं, ही चाचणी तिथे बरोबर. गिअरवाल्यात हवेतलं चाक हाताने फिरणारच. शून्य गुणिले अडीच! ठणठणीत असलेलंही तसंच फिरेल.

मग आम्ही ओळीने प्रश्न मांडले.

पहिला प्रश्न : चाकच फिरतंय, की इंजिनाचा क्लच घसरतोय? कानाला दोन्ही सारखंच ऐकू येतं. आम्ही पुढच्या दोन्ही हबवर चुंबकीय सेन्सर लावले, एक छोटा मायक्रोकंट्रोलर, सोबत जीपीएस आणि आरपीएम. सेकंदाला शंभर नोंदी. आरपीएम उसळला आणि चाकं जागच्या वेगाला राहिली तर क्लच दोषी. इथे आरपीएमबरोबर एक चाकही उसळत होतं. क्लच सुटला.

दुसरा प्रश्न : कोणतं चाक? निरोगी वळणात आतलं चाक बाहेरच्यापेक्षा हळू हवं. आलेखात आतल्याची रेघ बाहेरच्याच्या वर गेली की समजायचं, ते सुटलं. सेन्सर नसले तरी अंदाज काढता येतो, कारण पहिला नियम हाताशी आहे. समजा जीपीएस म्हणतो गाडी ताशी ४० ने चाललीय. १५ मीटरच्या वळणात बाहेरचं चाक ४२ ला असेल, आतलं ३८ ला हवं. आरपीएमवरून चाकांचा वेग ५० निघतो. पण ५० ही सरासरी आहे! बाहेरचं ४२ ला घट्ट असेल तर आतलं ५८ ला फिरतंय. म्हणजे डॅशबोर्डवर १० चा फरक दिसतो तेव्हा प्रत्यक्ष चाक २० ने पळालेलं असतं. सरासरीचा आकडा असाच लबाड असतो. दहा सर्व्हरची सरासरी पाहून "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पोर्शे यांच्याकडे तर फक्त ही सरासरीच होती. त्यांनी तेवढ्यावरून आतलं चाक पकडलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा : दोन्हीकडच्या वळणांत सारखंच होतं का? आम्ही फेऱ्या वेगळ्या काढल्या. डाव्या वळणांत आतलं चाक थोडंसं सुटत होतं, चालण्यासारखं. उजव्या वळणांत मात्र अक्षरशः पिसाळत होतं. आता विचार करा, डिफरन्शिअलला डावं-उजवं कळतं का? ते आतून दोन्ही बाजूंना सारखंच असतं. पूर्ण झिजलं असतं तर दोन्हीकडे सारखंच रडलं असतं. एकाच बाजूला होणाऱ्या त्रासाचं कारण बहुधा एका बाजूलाच शोधावं.

चौथा प्रश्न : एलएसडी जिवंत आहे का? इथे मघाचं ब्रेकचं गणित कामाला आलं. साध्या डिफरन्शिअलमध्ये दोन्ही चाकांना सारखा ब्रेक लावून फायदा शून्य. पण अडीचपट देणाऱ्या गिअरवाल्यात? सुटलेलं चाक ब्रेकमुळे १० पेलतं, दुसऱ्याला २५ मिळतात, त्याचा स्वतःचा ब्रेक १० खातो, तरी १५ उरतात. म्हणून मित्राला सांगितलं, उजव्या वळणातून निघताना अॅक्सिलरेटर तसाच ठेव आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श कर. आतल्या चाकाची उसळी खाली आली आणि गाडीने ओढ घेतली. एलएसडी ठणठणीत होतं! मेलेल्याने अडीचपट परत केलं नसतं. (हा प्रयोग ट्रॅकवरच. पाबे घाटात किंवा वरंध्यात करून बघाल तर समोरून एसटी येईल आणि चूक तुमचीच असेल.)

पाचवा प्रश्न उरला : मग उजवं चाकच इतकं हलकं का? गाडी चार काट्यांवर उभी केली, मित्राला सीटवर बसवलं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे पुढे उजवीकडे थोडं जास्त वजन यायला हवं. आलं उलटं. उजव्या चाकावर डावीपेक्षा कमी. पुढच्या अँटी-रोल बारची एक लिंक सोडली आणि काट्यावरचा आकडा लगेच हलला, उजवीकडचं वजन ३५ किलोने वाढलं. सापडलं. तो बार दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनला जोडणारा पीळदार दांडा. गाडी सपाट जागी उभी असताना त्यात पीळ नसायला हवा. लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या लिंक बसवताना उजवीकडची आखूड राहिली होती. त्यामुळे बार कायमच उजवं चाक वर ओढत होता आणि डाव्यावर भार टाकत होता. उजव्या वळणात तेच चाक आतलं. आधीच हलकं, त्यात वळणाने आणखी हलकं केलेलं, मग २० गुणिले अडीच.

इलाज? ड्रायव्हर सीटवर असताना, सपाट जागी, लिंकची लांबी जुळवून नट कसणे. वीस मिनिटं, दोन पाने, खर्च शून्य. पुढच्या वेळी दोन्हीकडच्या वळणांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर ओळखू येईनात. दीड लाख वाचले आणि हंगामही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक कारचे फोटो पाहिलेत तर अनेकदा मागचं आतलं चाक हवेत उचललेलं दिसतं. ते मुद्दाम असतं. मागचं सस्पेन्शन कडक करून वजनाची अदलाबदल मागे करायची, म्हणजे पुढच्या आतल्या चाकावर थोडा भार शिल्लक राहतो. म्हणजे आतलं चाक सुटतंय याचं उत्तर बरेचदा डिफरन्शिअलमध्ये नसतंच, चाकावर वजन किती आहे यात असतं. डिफरन्शिअल उघडायचं ते सगळ्यात शेवटी. आधी टायर, सस्पेन्शन, बार, वजन. प्लेटवालं असेल तर तेल आणि टॉर्क रेंचची चाचणी. पहिल्या फेऱ्यांत ठीक आणि नंतर बिघडत जात असेल तर तापलेलं तेल किंवा झिजलेल्या चकत्या. आणि दोन्ही चाकं एकदम सुटत असतील तर तो आजारच वेगळा, तिथे ताकद पकडीपेक्षा जास्त आहे किंवा डिफरन्शिअल गरजेपेक्षा जास्त बांधलेलं आहे.

गॅरेजच्या मिस्त्रींना मी दोष देत नाही. चाक उचलून फिरवून बघणं ही प्लेटवाल्यांच्या जमान्यातली चाचणी आहे, त्यांच्या गुरूंनी तीच शिकवली असणार. यंत्र बदललं आणि चाचणी जुनीच राहिली, असं आपल्या धंद्यात तर रोज होतं. पेक्योरपासून रोझमायरपर्यंत शंभर वर्षं लोक या एका फरकाशी झगडले आणि प्रत्येक नव्या उपायाने आपला नवा आजार आणला.

दादांना एकदा विचारलं होतं, एक चाक फसलं की नेमका कोणता ब्रेक दाबायचा हे कसं ठरवता. ते म्हणाले, "मागं वळून बघायचं, कोन फिरतंय ते. जे फिरतंय त्याला धरायचं." लॉगर नाही, तबकडी नाही, पण क्रम तोच : आधी बघायचं.

असो, लेख बराच लांबला. या पावसाळ्यात राजगडाकडे गेलात तर पायथ्याशी पाच मिनिटं थांबा आणि एखादा ट्रॅक्टर खाचराच्या टोकाला कसा वळतो ते बघा. कोणत्या पेडलवर पाय जातो ते ओळखता आलं की तुम्हाला डिफरन्शिअल कळलं.